सात स्वरांचे चातुर्वर्ण्य आणि पाच हजार चाळीस ताना

एप्रिल जवळ आला की लोणारच्या आमच्या अभ्यासवर्गात एकच वाद पेटतो. जयंतीच्या मिरवणुकीत डीजे लावायचा की डफडे? यंदा त्या वादाला दोन फाटे फुटले. इंजिनीअरिंगला असलेल्या एका पोराने मोबाईलवर आलेला मेसेज वाचून दाखवला: युरोप ज्याला फिबोनाचीची संख्यामाला म्हणतो ती आपल्या वेदांत हजारो वर्षांपूर्वीच होती, संगीताचे सगळे गणित वेदांतून आले, फॉरवर्ड करा. आणि मागे भिंतीला टेकून बसलेले एक म्हातारे काका एकदम म्हणाले, "डफड्याचं नावबी काढू नका पोरंहो. माह्या बापाच्या गळ्यात ते गावानं अडकवलं होतं."

वर्ग संपला, पण ही दोन वाक्ये आमच्या डोक्यातून जाईनात. एक म्हणते, मोजणी त्यांची. दुसरे म्हणते, वाद्यात आपल्या वाट्याला फक्त अपमान. ही दोन्ही वाक्ये एकाच इतिहासाची दोन टोके आहेत असे आमचे मत आहे. मधला भाग कोणी सांगत नाही, म्हणून टोकेच तेवढी शिल्लक राहतात. तो मधला भाग लोणारवरूनच जातो, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी मेसेजचा निकाल लावू.

वैदिक छंद अक्षरे मोजतात. गायत्रीची आठ-आठ अक्षरांची तीन चरणे, त्रिष्टुभाच्या चरणात अकरा अक्षरे, जगतीच्या चरणात बारा. पिंगलाच्या छंदःशास्त्रात या अक्षरांचा हिशेब आहे. प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरु, म्हणजे दोनच शक्यता. एका अक्षराचे दोन प्रकार, दोन अक्षरांचे चार, तीनचे आठ, आठ अक्षरांचे 256. ही मांडणी भारी आहे आणि पिंगलाचे श्रेय पिंगलाला द्यायला आमची अजिबात हरकत नाही. पण ही फिबोनाचीची माला नव्हे. हे दुपटीचे गणित आहे.

ती दुसरी माला येते कुठून? अक्षरे मोजणे सोडून मात्रा मोजायला लागल्यावर. मात्रा म्हणजे काळ. लघु अक्षराला एक मात्रा, गुरु अक्षराला दोन. आता विचारा, चार मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? दोन गुरु, लघु-लघु-गुरु, लघु-गुरु-लघु, गुरु-लघु-लघु, चार लघु. पाच प्रकार. पाच मात्रांची आठ प्रकारे, सहा मात्रांची तेरा प्रकारे. का ते बघा. ओळीचे शेवटचे अक्षर एकतर लघु असेल, मग त्याच्या आधीचा भाग एका मात्रेने कमी. किंवा गुरु असेल, मग आधीचा भाग दोन मात्रांनी कमी. म्हणून प्रत्येक संख्या ही मागच्या दोन संख्यांची बेरीज: 1, 2, 3, 5, 8, 13, 21, 34. आठ मात्रांच्या आवर्तनात, ज्यात आपली कितीतरी भीमगीते बसतात, 34 प्रकार.

हा नियम ज्याने स्पष्ट मांडला तो विरहांक. त्याचा ग्रंथ वृत्तजातिसमुच्चय. भाषा प्राकृत. पुढे 1150 च्या सुमारास हेमचंद्राने तो पुन्हा मांडला. हेमचंद्र जैन साधू होता. इटलीतल्या फिबोनाचीचे पुस्तक आले 1202 मध्ये. म्हणजे 'युरोपच्या आधी भारतात' एवढा भाग खरा आहे. 'वेदांत' हा भाग नंतर चिकटवलेला आहे. या विषयावर परमानंद सिंग यांचा 1985 चा शोधनिबंध प्रसिद्ध आहे आणि वृत्तजातिसमुच्चयाचे संपादन आपल्याच मुंबईच्या ह. दा. वेलणकरांनी केलेले आहे. ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी तिथपर्यंत जावे.

पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न पुढचा आहे. मात्रा मोजण्याची गरज कोणाला पडली? जो ठेक्यावर गातो त्याला. पाठांतर करणाऱ्याला अक्षर चुकले की नाही एवढे पुरते. टाळीवर गाणाऱ्याला वेळ चुकून चालत नाही. पाली छंदांवर ए. के. वॉर्डर यांचा 1967 चा ग्रंथ आहे. मात्रांची वृत्ते बुद्धाच्या काळाच्या आसपास लोकसंगीताच्या प्रभावातून पुढे आली, अशी मांडणी त्यांनी केली आहे. आणि याचा पुरावा आपल्या रोजच्या वंदनेत आहे. आपण विहारात जे करणीय मेत्त सुत्त म्हणतो ते अशाच मात्रावृत्ताच्या जुन्या रूपात बांधलेले आहे. थेरीगाथेत इसिदासीच्या गाथाही याच जातीच्या वृत्तात आहेत. महाराष्ट्रात सातवाहनांच्या काळाशी जोडली जाणारी हालाची गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे. तिच्या गाथेच्या पहिल्या अर्ध्यात 30 मात्रा, दुसऱ्या अर्ध्यात 27. शेत, नांगर, नदी, सासू-सुना यांची गाणी ती. (गंमत म्हणजे या लोकांच्या वृत्ताला संस्कृत पंडितांनी नाव दिले 'आर्या'. नाव देण्याचा अधिकार कोणाकडे होता ते यावरून कळते.)

म्हणजे ज्या गणिताला आज 'वैदिक' म्हणून फिरवले जाते, ते उभे राहिले पाली-प्राकृतात, श्रमणांच्या आणि कष्टकऱ्यांच्या गाण्यात. मेसेज फॉरवर्ड करण्याआधी एवढे तपासायला काय हरकत होती?

आता लोणार.

आपल्या गावाची दंतकथा सगळ्यांना पाठ आहे. लवणासुर नावाचा दैत्य, त्याला विष्णूने मारले, म्हणून देऊळ दैत्यसूदनाचे. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी'त अशा कथा उलट बाजूने वाचायला शिकवले. त्या रीतीने वाचले तर ज्याला मारले त्याचे नाव गावाला आणि ज्याने मारले त्याचे नाव देवळाला, असा हा कारभार आहे. सरोवर तर उल्का आदळून काळ्या पाषाणात झालेले विवर, लाखो वर्षांपूर्वीचे, तेव्हा ना दैत्य होते ना देव. ते असो. देवळाकडे नीट बघा. त्याचा तळ ताऱ्यासारखा कोनाकोनांचा आहे. एक चौकोन घ्यायचा, मध्यबिंदू न हलवता तो थोडा थोडा फिरवायचा, प्रत्येक वेळी कोपरे खुणावायचे, की असे ताऱ्याच्या आकाराचे तळ तयार होतात. एकच आकृती, पुन्हा पुन्हा, ठराविक अंतराने. दगडातले आवर्तन म्हणा.

हे देऊळ चालुक्य-यादव काळातले मानतात. यादवांची राजधानी देवगिरी, आज इथून एका दिवसात एसटीने जाऊन येता येईल इतकी जवळ. आणि त्या देवगिरीत, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सिंघण यादवाच्या दरबारात हिशेबाच्या खात्याचा एक बडा अधिकारी होता. नाव शार्ङ्गदेव. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले, ब्राह्मण घराणे, वडीलही यादवांच्या चाकरीत. या हिशेबनीसाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्याय: स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य, नृत्य. हिंदुस्थानी आणि कर्नाटकी, दोन्ही परंपरा ज्याला आपला म्हणतात असा हा ग्रंथ मराठी मुलखात लिहिला गेला.

पहिल्याच अध्यायात शार्ङ्गदेव स्वरांची कुळे आणि वर्ण सांगतो. होय, वर्ण. षड्ज, मध्यम, पंचम हे ब्राह्मण. ऋषभ आणि धैवत क्षत्रिय. गांधार आणि निषाद वैश्य. आणि अंतर गांधार व काकली निषाद, म्हणजे गांधार-निषादाची चढवलेली रूपे, ती शूद्र. कुळांच्या यादीत निषाद असुरवंशात जन्मलेला. अस्पृश्याला या यादीत जागाच नाही, ते आपल्याला नवे नाही. ही कल्पना त्याची एकट्याची नाही, नारदीय शिक्षेतही असली वाटणी आहे. पण विचार करा, हवेत उमटून विरून जाणाऱ्या आवाजालाही ज्यांनी जातीचा दाखला दिला, त्यांनी माणसाला सोडले असते का?

इथवर वाचून आपले बरेच कार्यकर्ते पुस्तक मिटतील. आम्हीही एकदा मिटले होते. पण मिटू नका, कारण खरी गंमत त्याच अध्यायात पुढे आहे.

पुढे शार्ङ्गदेव विचारतो, हे स्वर किती वेगवेगळ्या क्रमांनी लावता येतील? याला तो प्रस्तार म्हणतो. तीन स्वर घेऊ. सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. सहा. चार स्वरांचे 24, पाचांचे 120, सहांचे 720, सातांचे 5040. एकही क्रम सुटू नये, एकही दोनदा येऊ नये अशी यादी करण्याची रीत तो देतो. एवढ्यावर थांबत नाही. खंडमेरू नावाचा एक कोष्टक देतो, त्यावरून यादी न लिहिताही सांगता येते की अमुक तान कितवी आहे, आणि उलट, अमुक क्रमांकाची तान कोणती. पहिल्या प्रश्नाला उद्दिष्ट म्हणतात, दुसऱ्याला नष्ट. संगणकाच्या अभ्यासक्रमात हे आजही वेगळ्या नावाने शिकवतात.

आता वरची तीन स्वरांची यादी पुन्हा बघा. सा किती वेळा पहिला आला? दोन. रे? दोन. ग? दोन. मधल्या जागी? प्रत्येक दोनदा. शेवटी? प्रत्येक दोनदा. सातांच्या यादीत प्रत्येक स्वर प्रत्येक जागी बरोबर 720 वेळा येतो. ब्राह्मण षड्ज 720 वेळा पहिला, असुरवंशाचा निषादही 720 वेळा पहिला. एकाला एक जास्त नाही, एकाला एक कमी नाही. कारण प्रस्ताराची अटच ती आहे: कोणतीही जागा कोणाच्याही मालकीची नाही.

आणि ते शूद्र ठरवलेले दोन स्वर? शार्ङ्गदेवाच्या हिशेबात मूळ मूर्च्छना 14. त्या प्रत्येकीचे चार प्रकार: शुद्ध, काकली घेतलेली, अंतर घेतलेली, दोन्ही घेतलेली. चौदा चोक छपन्न. म्हणजे 56 पैकी 42 मूर्च्छना त्या दोन शूद्र स्वरांशिवाय उभ्याच राहत नाहीत. पुढे 56 ला 5040 ने गुणून तो पूर्ण कूटतानांची संख्या 2,82,240 काढतो. तीन चतुर्थांश संपत्ती कोणामुळे आली ते त्याच्याच गुणाकारात लिहिलेले आहे. वाचणाऱ्याने फक्त भागाकार करायचा.

बाबासाहेब जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हणत. तिचे मर्म जागा ठरलेली असण्यात आहे. कोण वर, कोण खाली, हे जन्माआधी ठरते आणि अदलाबदल हा गुन्हा ठरतो. प्रस्तार याच्या बरोबर उलट. एकाच माणसाने, एकाच ग्रंथात, थोड्याच अंतरावर या दोन्ही गोष्टी लिहिल्या. त्याला त्यात विसंगती दिसली नाही. आम्ही शार्ङ्गदेवाला समतावादी ठरवत नाही, तसा तो नव्हताच. आमचे म्हणणे इतकेच आहे की वर्ण ही त्याने ऐकून लिहिलेली गोष्ट होती आणि 5040 ही त्याने मोजून काढलेली. मोजायला बसल्यावर वर्ण कुठेच कामाला आला नाही. कोष्टकाच्या एकाही घरात त्याची गरज पडली नाही.

'गणितात जात आणू नका' असे आम्हाला नेहमी सुनावले जाते. आम्ही आणली नाही हो. ती शार्ङ्गदेवाने स्वरांत आणली, आणि त्याच्याच गणिताने ती बाहेर ठेवली.

तालाच्या अध्यायात हेच पुन्हा. द्रुत, लघु, गुरु, प्लुत हे काळाचे तुकडे, द्रुताच्या मापात एक, दोन, चार, सहा. यांच्यापासून किती ताल बनतील? त्याचे उत्तर 1, 2, 3, 6, 10, 19, 33, 60 असे वाढत जाते. विरहांकाच्या नियमाचाच मोठा भाऊ: मागची, तिच्या मागची, चौथी मागची आणि सहावी मागची संख्या मिळवायची. आणि याच अध्यायात 120 देशी ताल नोंदवलेले आहेत. 'देशी' शब्दावर थांबा. शास्त्राचे ते 'मार्ग', आणि गावोगावच्या लोकांना आपापल्या आवडीने जे रुचते ते 'देशी', अशी त्याची व्याख्या आहे. म्हणजे 120 ताल या भूमीवर आधीच वाजत होते. हिशेबनीस आला आणि त्याने नोंद केली.

वाजवत कोण होते? त्या ग्रंथातून गावातल्या वादकांची नावे मिळत नाहीत. पण कातडी वाद्य म्हटले की कातडे आले, आणि कातडे म्हटले की ते सोलणारे, कमावणारे, मढवणारे हात आले. ते हात कोणत्या वस्तीतले, हे सांगायला संशोधनाची गरज नाही. 1916 मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्यप्रांताच्या जातींवर ग्रंथ लिहिला, त्यात मातंगांची ओळखच गावचे वाजंत्री अशी दिली आहे. दक्षिणेत मृदंग बनवणाऱ्या दलित ख्रिस्ती कुटुंबांवर टी. एम. कृष्णा यांचे पुस्तक आले ते 2020 मध्ये. तोपर्यंत मृदंगाच्या इतिहासात ते कारागीर जवळपास नव्हतेच. वाजवणारा मंचावर, बनवणारा मागच्या दाराशी.

आता त्या काकांच्या वडिलांच्या डफड्याकडे येऊ. आठ मात्रांचे आवर्तन चालू आहे. वाजवणारा समेवर तीन मात्रांचा एक बोल सुरू करतो आणि तो तीनदा वाजवतो. तीन त्रिक नऊ. आठ मात्रा संपून नववी म्हणजे पुढची सम, आणि शेवटचा ठोका बरोबर तिच्यावर पडतो. लोक वा म्हणतात. शिकलेले याला तिहाई म्हणतात. सोळा मात्रांत करायचे असेल तर पाचाचा बोल तीनदा, मध्ये एकेक मात्रा रिकामी: पाच, एक, पाच, एक, पाच, बेरीज सतरा, पुन्हा समेवर. आणि तीनाचा बोल न थांबता चालवत ठेवला तर? तो आठांच्या आवर्तनाला तिरपा कापत जातो, आणि 24 मात्रांनी, म्हणजे आठ बोल आणि तीन आवर्तने झाल्यावर, दोघे पुन्हा एकत्र येतात. याला शाळेत लसावि म्हणतात. ज्या माणसाला शाळेच्या पायरीवर बसू दिले नाही तो हा लसावि लग्नाच्या वरातीत, अनवाणी चालत, उन्हात, चूक न करता काढत होता. त्याला वहीत मांडायला मात्र कोणी शिकवले नव्हते. विसाव्या शतकात भातखंड्यांनी तालाची लिपी घालून दिली, समेला फुली, खालीला शून्य. तिने संगीत वर्गखोल्यांत गेले, पण वर्गखोल्यांत त्या काळी कोण होते ते आपण जाणतो.

इथे एक धोका आहे. 'बघा, आपले पूर्वज किती थोर गणिती होते, चला पुन्हा डफडे गळ्यात घालू' असे म्हणणारे आपल्यातही निघतात आणि बाहेरचे तर टाळ्या वाजवायला तयारच असतात. वाद्य वाजवणे ही कला होती, पण वाजवावेच लागणे ही वेठ होती. सण त्यांचा, देव त्यांचा, आणि मोबदल्यात शिळी भाकर. बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच वेठीच्या मुळावर घाव घालायला. आपला बुलढाणा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, ते विधेयक इथे लागू होणारे नव्हते, पण वेठ इथेही होतीच. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर गावोगाव आपल्या वडीलधाऱ्यांनी सणाला वाजवायचे नाकारले. काही ठिकाणी त्यासाठी बहिष्कार सोसले. त्या नकाराने आपल्या हातून ताल गेला अशी हळहळ अलीकडे परिसंवादांतून ऐकू येते. आम्हाला ती मान्य नाही. त्यांनी ताल टाकला नाही, गळ्यातला पट्टा टाकला.

ताल कुठे गेला ते पाहायचे असेल तर जलशांकडे बघा. सत्यशोधकांनी तमाशाची चौकट घेतली, गण, गौळण, बतावणी, वग, आणि आतला माल बदलला. 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. जिथे पत्रक वाचायला वाचणारा नव्हता तिथे चवदार तळ्याचा आणि काळाराम मंदिराचा अर्थ जलशाने पोचवला. नंतर वामनदादा कर्डक (1922 ते 2004) आले, आणि आज कडूबाई खरात एकतारीवर गातात.

शाहीर गाणे कसे बांधतो हे कधी जवळून पाहिले आहे का? लोकांच्या ओठांवर असलेली चाल तो घेतो. ढोलकी ठेका धरते. बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत तो जुना शब्द उचलतो आणि तेवढ्याच मात्रांचा नवा शब्द तिथे ठेवतो. जिथे गुरु होता तिथे गुरु, किंवा दोन लघु. मुखडा परत परत समेवर येतो, तेच आवर्तन, पण त्यातून देव गेलेला असतो आणि संविधान आलेले असते. आम्ही याला विरहांकाचेच काम म्हणतो. फरक एवढा की विरहांकाने 'किती प्रकारे भरता येईल' हे मोजले, आणि शाहिराने 'कशाने भरायचे' हे ठरवले.

जगातही हा हिशेब असाच चालला. न्यूयॉर्कचे संगीतकार स्टीव्ह राइख 1970 मध्ये घानाला जाऊन तिथल्या ढोलवादकांकडे शिकले आणि परत येऊन त्यांनी 'ड्रमिंग' ही रचना केली. छोट्या आवर्तनांची हळूहळू सरकत जाणारी मोठी इमारत. ती जगभर वाजली. ज्यांच्याकडून शिकले त्या घानाच्या उस्तादांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? 2005 मध्ये गोडफ्रीड तुसाँ या संगणकशास्त्रज्ञाने दाखवले की युक्लिडची मसावि काढण्याची रीत वापरून आठ जागांत तीन ठोके शक्य तितके समान पसरवले की 3-3-2 हा ठेका मिळतो, जो गुलाम करून नेलेल्या आफ्रिकन माणसांनी क्युबापर्यंत जिवंत ठेवला. ज्या काळ्या माणसांच्या लढ्यावरून 1972 मध्ये आपल्या पँथरने नाव घेतले, त्यांच्याशी आपले आणखी एक नाते हे, तीन-तीन-दोनचे.

शेवटी डीजेवाल्यांची बाजू. आमच्या वर्गातला एक पोरगा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो आणि रात्री लॅपटॉपवर एफएल स्टुडिओत भीमगीतांचे रिमिक्स करतो. त्याने आम्हाला पडदा दाखवला. एका ओळीत 16 चौकोन. ज्यावर क्लिक केले तिथे ठोका, नाही केले तिथे रिकामे, आणि सोळा संपले की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही त्याला विचारले, एका ओळीत किती वेगवेगळे ठेके होतील? त्याने कॅल्क्युलेटर काढला. प्रत्येक घराच्या दोन शक्यता, 65,536. तोच पिंगलाचा दुपटीचा हिशेब, आणि तेच सोळा जे ढोलकीवाला हाताच्या पेरांवर मोजतो. मग डीजे की डफडे हा वाद नेमका कशाचा आहे, असे विचारल्यावर दोन्ही गट थोडा वेळ गप्प झाले. (आवाजाची पातळी आणि म्हाताऱ्यांचे कान हा वेगळा वाद आहे, आणि त्यात आम्ही डीजेच्या विरोधात आहोत.)

त्याने पहिल्या, चौथ्या आणि सातव्या चौकोनात ठोके टाकले, पुढच्या आठांत तसेच, आणि लावून दाखवले. 3-3-2. मागून काकांचा आवाज आला, "शेवटचं दोन असं कोरडं नाही वाजत. तिथं चामडं दाबून सोडावं लागतं." पोराने विचारले, म्हणजे किती? काकांनी समोरच्या पत्र्याच्या टेबलावर दोन्ही हातांनी वाजवून दाखवले. पोराने ते मोबाईलवर रेकॉर्ड केले आणि चौकोन पुढेमागे सरकवत बसला, अर्धा तास, तरी जमेना. चौकोन सगळे सारखे असतात, काकांचे दोन सारखे नव्हते.

मिरवणुकीचा निर्णय अजून झालेला नाही. काकांची अट आहे: पोरांना शिकवीन, पण गळ्यात कोणी घालायचे नाही, वाद्य स्टँडवर ठेवायचे आणि वाजवणाऱ्यांची नावे बॅनरवर मोठ्या अक्षरांत लिहायची. बॅनरवाल्याला नावे कळवली आहेत. स्टँड वेल्डिंग करून घ्यायचा खर्च वर्गणीतून करायचा की नाही, यावर रविवारी बैठक आहे.